वयाइतके किलोमीटर

सायकल चालवणाऱ्या माणसाच्या उजव्या पोटरीवर चेनच्या तेलाचा एक काळा डाग असतो. तो नेमका कधी लागला, हे कुणालाच सांगता येत नाही. घरी येऊन पाय धुवायला बसलं की दिसतो. आमच्या कंपूचे किस्से असेच लागलेले आहेत. घडताना कळलं नाही, आणि आता साबणाने जात नाहीत! रविवारी मळवली स्टेशनबाहेर चहाला बसलं की एकेक दिसायला लागतो, आणि ज्याच्यावर तो घडला तोच सगळ्यांत रंगवून सांगतो.

कंपू म्हणजे चार माणसं. औंढ्याचे दत्ताआबा, वय एकोणसत्तर. तळेगावच्या कारखान्यात फिटर होते, आता भातशेती. लोणावळ्याचे अन्वरभाई, वय छप्पन्न, बाजारात सायकल दुरुस्तीचं दुकान. तळेगावच्या शेलार मॅडम, वय अठ्ठेचाळीस, शाळेत गणित शिकवतात, चव्वेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकल्या. आणि मळवलीची मी, वय सव्वीस.

मी शिकायला लांब गेले होते. आधी दुसऱ्या राज्यात, मग परदेशात. विषय व्यायामशास्त्र. तिथल्या प्रयोगशाळेत मी म्हाताऱ्या माणसांना जागच्या जागी सायकल चालवायला लावून त्यांचा श्वास मोजला आहे. तेव्हाच ठरवलं, हे ज्ञान मावळात न्यायचं. आमच्याकडे पन्नाशी उलटली की माणूस आपणहून ओट्यावर जाऊन बसतो आणि त्याला कुणी उठवत नाही. मी उठवणार होते! परत आले आणि पहिल्याच रविवारी ज्यांना उठवायचं होतं ते मला रस्त्यात मागे टाकून निघून गेले.

*

या कंपूचा एकच नियम आहे. वाढदिवसाला वयाइतके किलोमीटर. छप्पन्न वर्षं झाली, छप्पन्न किलोमीटर. त्याच दिवशी, एका दमात, आणि वाटेत भाजे गावापासून लोहगडाच्या खिंडीपर्यंतचा चढ घ्यायचाच. बाकीच्यांनी सोबत जायचं.

मला हा नियम शास्त्राच्या अगदी उलटा वाटला. वयाबरोबर शरीराची ताकद कमी होते आणि यांचे किलोमीटर वाढतात! मी चहाच्या टपरीवर उभं राहून सुधारणा मांडली. शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढे किलोमीटर. मॅडमनी कप खाली न ठेवता हिशोब केला.

"म्हणजे आबांना एकतीस आणि तुला चौऱ्याहत्तर. कधी निघतेस?"

मी तोवर आयुष्यात सलग चाळीसच्या पुढे गेले नव्हते. सुधारणा मागे घेतली.

पण त्या वर्षी या नियमावर एक सावट होतं. दिवाळीनंतर आबा खडीवरून घसरून पडले होते. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. पण त्यांना रस्त्यावरून उचललं त्यांच्या मुलाने, संजयदादाने, आणि दोन दिवस तो कामावर गेला नाही म्हणे. तिसऱ्या दिवशी त्याने सांगितलं, पुरे झालं. बरीच घासाघीस होऊन आबांनी शब्द दिला. सत्तरीपर्यंत चालवतो, सत्तर पूर्ण झाली की सायकल माळ्यावर. आबांचा वाढदिवस एक जून. म्हणजे सत्तर किलोमीटरची ती फेरी शेवटची. आबांचा शब्द गावात सातबाऱ्यासारखा मानतात, त्यामुळे आम्हाला मधे बोलायला जागाच नव्हती.

*

माझी पहिली शर्यत. कार्ला फाट्यापासून मळवलीच्या पुलापर्यंत, असं मी धरून चालले होते. मी जीव खाऊन पायडल मारलं आणि तिघांना इतकं मागे टाकलं की पुलाजवळ झाडाखाली उतरून पाणी प्यायले, केस पुन्हा बांधले, एक फोटोही काढला.

मग ते तिघं आले. थांबतील म्हणून मी हसत उभी राहिले. ते थांबलेच नाहीत! हात हलवून तसेच पुढे गेले, त्याच चालीने, ज्या चालीने फाट्यावरून निघाले होते. मी मागे लागले. वडगावपर्यंत मला त्यांच्या पाठी दिसत होत्या, त्यानंतर त्याही दिसेनात.

परतीच्या वाटेवर ते मला एका वडापावच्या गाडीपाशी सापडले. तिघांचं खाऊन झालं होतं. माझा श्वास जागेवर आल्यावर आबांनी माझ्या सायकलीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, तुझं इंजान लय झ्याक हाय. टाकी ल्हान हाय."

स्नायूंतले वेगाचे तंतू वयाबरोबर आधी जातात, दमाचे तंतू मागे राहतात, चालवत राहिलं तर पुष्कळ वर्षं राहतात. हे मी दोन सत्रांत शिकले होते. आबांनी ते वडापावचा कागद चुरगाळता चुरगाळता सांगितलं.

*

तरीही मी शास्त्र सोडलं नाही. मी प्रत्येकाला एक वही दिली. रोज लिहायचं, झोप कशी झाली, कुठे दुखतं, थकवा किती. पन्नाशीनंतर शरीराला एका मोठ्या फेरीतून सावरायला जास्त दिवस लागतात, ते किती, हे मला आपल्या माणसांवरून बघायचं होतं. महिन्याने वह्या गोळा केल्या. आबांची कोरी होती. मॅडमनी समास आखून, तक्ता करून लिहिलं होतं. अन्वरभाईंच्या वहीतला एक आठवडा मी जसाच्या तसा उतरवून घेतला आहे.

सोमवार: गुडघा.
मंगळवार: गुडघा.
बुधवार: दुसरा गुडघा.
गुरुवार: दोन्ही.
शुक्रवार: नमाजला खाली बसलो, उठायला वेळ लागला. शेजारच्याने हात दिला. तोही छप्पन्नचा.
शनिवार: उद्या सायकल आहे. काही दुखत नाही.

रविवारचं पान कोरं होतं. मी विचारलं तर म्हणाले, बेटा, रविवारी लिहायला घरी कोण असतं?

*

अन्वरभाईंचा स्वतःचा एक सिद्धांत आहे, तो मात्र मी माझ्या वहीत लाल शाईने लिहून ठेवला आहे. माणसाचं वय त्याच्या सायकलीच्या हँडलवरून कळतं. तिशीत हँडल सीटच्या खाली असतं, माणूस मांजरासारखा वाकून चालवतो. चाळिशीत सीटच्या बरोबरीला येतं. मग दर दोन-चार वर्षांनी बोटभर वर. पाठ सांगते, हात ऐकतो.

एकदा पुण्याहून एक साहेब आले. पंचेचाळिशीचे असतील. सायकल अशी, की अन्वरभाईंनी आधी हात पुसले. साहेबांची कंबर आणि मान दुखत होती, आणि त्यांच्या मते सायकलीत उत्पादनदोष होता. त्यांनी कंपनीला तीन वेळा लिहिलं होतं. सीट बदलली होती, चाकं बदलली होती, बूटसुद्धा बदलले होते. अन्वरभाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग साहेब चहा प्यायला समोर गेले तेव्हा पान्याने हँडल दोन बोटं वर घेतलं, बस्स. साहेबांना काही बोलले नाहीत.

दोन तासांनी साहेब राजमाचीच्या रस्त्यावरून परत आले. चेहरा असा, जणू लग्नाला होकार आलाय! मान दुखत नव्हती. कंबर दुखत नव्हती. त्यांनी खोदून खोदून विचारलं की नेमकं काय केलं, कुठला पार्ट बसवला.

"वय बसवलं, साहेब."

साहेब अजून येतात. आता ते आमच्या सोबत बसून हाच किस्सा नव्या लोकांना सांगतात, फक्त त्यात आपलं वय चाळीस सांगतात.

*

शेलार मॅडमचं प्रकरण वेगळं. डिसेंबरच्या पहाटे आम्ही तिघं कानटोपी घालून थरथरत असतो आणि मॅडम मधेच थांबून जाकीट काढतात, स्वेटर काढतात, वहीने वारा घेतात. या वयात बाईच्या अंगात अशी भट्टी पेटते, आणि त्यावर सायकल हा काही उपाय नाही. पहिल्यांदा अन्वरभाई घाबरले, ताप आला का विचारत राहिले. मॅडमनी त्यांना वर्गात सांगावं तसं स्पष्ट सांगितलं. तेव्हापासून थंडीत मॅडम थांबल्या की अन्वरभाई मुकाट्याने त्यांचं जाकीट धरून उभे राहतात. दोन मिनिटांनी परत देतात.

मी मॅडमना हाडांबद्दल सांगितलं. सायकलीने दम वाढतो, हाडं नाही. चाळिशी-पंचेचाळिशीनंतर बाईने वजन उचललंच पाहिजे, त्याला दुसरा मार्ग नाही. मी फार तळमळून सांगितलं असावं, कारण मॅडमनी दुसऱ्याच दिवशी सुरुवात केली. जिमला जायला वेळ नव्हता. शाळेत जे वजन हाताशी होतं ते घेतलं. सहामाहीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे.

मधल्या सुट्टीत स्टाफरूम रिकामी बघून मॅडम दोन्ही खांद्यांवर एकेक गठ्ठा घेऊन उठाबशा काढत होत्या. चौदावीला दार उघडलं आणि हेडमास्तर आत आले. मॅडम खाली बसलेल्या, साडीचा पदर खोचलेला, खांद्यावर नववी ब आणि नववी क.

मॅडम शांतपणे उठल्या. पंधरावी पूर्ण केली.

"सर, ब जड आहे. क मधे कुणी पुरवणीच घेतलेली नाही."

त्या शाळेत आता मधल्या सुट्टीत पाच बाया उठाबशा काढतात. हेडमास्तर दारावर टकटक करून येतात.

*

आबांची वही कोरी निघाली म्हणून मी त्यांच्या छातीला पट्टा बांधायचं ठरवलं. हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा, त्याचे आकडे माझ्या मनगटावरच्या घड्याळात दिसतात. खिंडीच्या चढावर मी त्यांच्या शेजारून चालवत होते. पुस्तकातला साधा हिशोब असा, की दोनशेवीसमधून वय वजा केलं की हृदय जास्तीत जास्त किती धावेल ते कळतं. आबांचं एकशे एक्कावन्न.

भाजं मागे पडलं तेव्हा एकशे तीस. पहिल्या वळणावर एकशे पंचेचाळीस. दुसऱ्या, उभ्या वळणावर मी घड्याळात बघितलं. एकशे अठ्ठावन्न! मी ओरडून थांबायला सांगितलं. आबा थांबेनात. मी विनवण्या केल्या. संजयदादाचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. तो म्हणेल, शिकून आली आणि म्हाताऱ्याला मारलं.

"थांबलो तर परत पाय चालायचा न्हाई," आबा म्हणाले, आणि पुढे गेले.

वर खिंडीत पोचलो तेव्हा मी त्यांना सावलीत बसवलं, हिशोब समजावून सांगितला, आकडा किती पुढे गेला तेही सांगितलं. आबा मन लावून ऐकत होते. मग त्यांनी पट्टा काढला आणि माझ्या हातात दिला, आता तुझं मोज म्हणाले. माझा दम अजून खाली बसला नव्हता. पट्टा बांधून झाला, आकडा आला एकशे नव्वद. माझी मर्यादा एकशे चौऱ्याण्णव.

"मी दमलो का?" आबांनी विचारलं. त्यांचा आकडा तोवर शंभरावर आला असावा, ते बिडी ओढून झालेल्या माणसाच्या समाधानाने दरीकडे बघत होते. "मग तू बस हितं. मी पानी आनतो."

तो हिशोब सगळ्यांच्या सरासरीचा असतो, एकेका माणसाचा नाही, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते.

*

मे महिना लागला तशी माझी झोप उडाली. एक जून जवळ येत होता. मी ठरवलं, संजयदादाला शास्त्राने जिंकायचं. लॅपटॉप घेऊन औंढ्याला गेले. वहिनींनी पोहे केले. मी आलेख दाखवले. चालवत राहणाऱ्यांची रेघ किती सावकाश उतरते, आणि ओट्यावर बसणाऱ्यांची कशी कोसळते. आबा आत भात पाखडत होते, कान इकडे.

संजयदादा कारखान्यात शिफ्ट इनचार्ज आहे. त्याने प्रत्येक आलेख नीट बघितला, दोन चांगल्या शंका विचारल्या. मग विचारलं, या वयात हाड मोडलं तर जुळायला किती वेळ लागतो. मी खोटं बोलू शकले नाही. बराच, म्हणाले. कधीकधी नीट जुळतही नाही.

त्याने लॅपटॉप हलकेच मिटवला.

"ताई, तुमचा आलेख पडत नाही. माझा बाप पडतो."

परत येताना मी अन्वरभाईंच्या दुकानात गेले आणि मला रडू आलं. त्यांनी स्टूल पुढे केलं, चहा मागवला आणि माझ्या सायकलीचे ब्रेक घट्ट करत बसले. ब्रेक मुळात घट्टच होते. घरी येताना उतारावर मला तीनदा पाय टेकावा लागला!

*

एक जून.

पहाटे पाचला आम्ही चौघं औंढ्याहून निघालो. लोणावळा, कार्ला, मळवली, भाजं, खिंड, मग खाली येऊन हमरस्त्याने कान्ह्याच्या जरा पुढे आणि परत. शेवटची फेरी आहे, हे कुणी बोलायचं नाही असं आम्ही तिघांनी आदल्या दिवशी ठरवलं होतं. त्यामुळे बोलायला काही उरलंच नाही. शेवटी केळं पिकलेलं खावं की जरा कच्चं, यावर आम्ही पन्नास किलोमीटर चर्चा केली. अन्वरभाई तर भांडले!

खिंडीच्या चढावर त्या दिवशी आबांच्या पुढे कुणी गेलं नाही. त्यांनी पाय टेकला नाही. वर पोचल्यावर ते रोजच्यासारखे दरीकडे बघत उभे राहिले, फक्त रोजच्यापेक्षा जरा जास्त वेळ.

दुपारच्या आत आम्ही औंढ्यात शिरलो. वेशीशी मॅडमच्या मीटरवर एकोणसत्तर पूर्णांक चार होतं. नियम म्हणजे नियम. आबांनी घराकडे न वळता मारुतीच्या देवळाला फेऱ्या घालायला सुरुवात केली. आम्हीही मागोमाग. देवळाच्या कट्ट्यावरची माणसं मोजायला लागली.

आबांच्या घराच्या दारात सगळे उभे होते. वहिनी, दोन नातवंडं, संजयदादा. त्याने रजा टाकली होती. त्याच्या हातात नवा सुती दोर होता आणि माळ्याला शिडी लावून ठेवली होती. चेहरा मात्र असा होता, की ज्याचं जिंकणं त्यालाच नको आहे. आणि पुढच्या पायरीवर, ओवाळणीचं ताट घेऊन, आबांची थोरली बहीण आक्का. वाढदिवसासाठी टाकव्याहून मुद्दाम आल्या होत्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

आम्ही दारात आलो. मॅडमनी मीटर सगळ्यांना दाखवलं. बरोबर सत्तर. आबा उतरले, त्यांनी सायकल भिंतीला लावली नाही, हातातच धरली. आक्कांनी अन्वरभाईंना विचारलं, ह्यो देवळाला का घिरट्या घालत हुता? अन्वरभाईंनी नियम सांगितला. जेवढं वय तेवढे किलोमीटर, म्हणून आज सत्तर.

आक्कांनी ताट पायरीवर ठेवलं.

"सत्तर कुटलं? म्याच नेलतं ह्याला शाळंत. नऊ वर्साचा घोडा झालता, गुरांमागं फिरायचा. मास्तर म्हनला, पयलीला सा वर्साचं पोर लागतं. मग सा लिवलं आन एक जून लिवलं."

मॅडम गणिताच्या असूनही त्यांना नऊ वजा सहा करायला वेळ लागला. आबा स्वतःशीच आठवत होते. पहिलीत आपण सगळ्यांत उंच होतो, मास्तर घंटा आपल्यालाच बडवायला द्यायचे, एवढं त्यांना आठवत होतं म्हणाले.

"आत्या, नक्की?" संजयदादाने विचारलं.

"काखंला मारून मी फिरवलाय त्याला, का तू?"

संजयदादाने बापाकडे बघितलं. घामाने भिजलेला सदरा, खिंडीच्या धुळीने लाल झालेले पाय, बरं झालेलं कोपर.

"म्हणजे सत्तरी होऊन तीन वर्षं..." एवढंच तो म्हणाला. दोर त्याच्या हातातून सुटून पायरीवर पडला, त्याने उचलला नाही.

आबांनी सायकल वळवली आणि टांग मारली.

"आरं कुटं निघालास?" आक्का मागून ओरडल्या. "ओवाळून तरी घे."

"आलोच, आक्का. तीन ऱ्हायल्यात."